शिवार म्हणजे रिकामी जागा नव्हे

बेळगाव कुणाचं, यावर बोलायला आपल्याकडे सगळ्यांना वेळ असतो. बेळगावात काय पिकतं, यावर बोलायला मात्र फारसं कुणी तयार नसतं. मला हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच मोठा वाटतो. जमीनच बिनशेती झाली, तर हक्क सांगायचा तो कशावर?

निपाणीची ओळख तंबाखूची, तशी बेळगावची बासमतीची. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या काळ्या शिवारात जून उजाडण्याआधी धूळवाफ पेरणी व्हायची. भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, हरभरा. आजही हे चालतं, पण शिवार दरवर्षी आखडतंय.

भात हे मुळात पाणथळ जागेतलं गवत. शास्त्रज्ञ त्याच्या प्रजातीला ‘ओरायझा’ म्हणतात. तिच्यात वीसहून अधिक जाती आहेत. पण शेतात आल्या त्या दोनच, एक आशियातली आणि एक आफ्रिकेतली. बाकीच्या रानटी. चिखलात उभं राहूनही भाताची मुळं कुजत नाहीत, कारण त्याच्या खोडातल्या पोकळ नळ्या वरची हवा मुळांपर्यंत पोचवतात. म्हणून बांधांच्या आत पाणी थांबू शकतं आणि हळूहळू जमिनीत मुरतं. प्लॉटवर पडलेलं पाणी मुरत नाही, ते शेजाऱ्याच्या घरात शिरतं.

या घराण्यातला एक गरीब भाऊबंद म्हणजे देवभात. तळ्याच्या काठाला, डबक्यात आपोआप उगवणारं, लांब कुसळांचं. पिकलं की दाणे झडून जातात, म्हणून शेतकरी त्याला तण समजतो. पण ऋषिपंचमीला नांगर न लागलेलं अन्न खायचं असतं, तेव्हा त्याचाच मान. संस्कृतातला नीवार तो हाच, आणि त्यावरूनच त्याच्या एका जातीला ‘ओरायझा निवारा’ हे शास्त्रीय नाव मिळालं. १९७० च्या दशकात आग्नेय आशियात तपकिरी तुडतुड्यांमधून पसरणाऱ्या एका विषाणूनं भाताची वाढ खुंटवली. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं हजारो वाण तपासले. रोगाला दाद न देणारा गुण सापडला तो उत्तर प्रदेशातून नेलेल्या याच रानटी निवारात. त्याच्या संकरातून पुढे १९७६ साली ‘आयआर ३६’ ही जात आली आणि कोट्यवधी लोकांच्या ताटात भात राहिला. ज्या डबक्याला आपण घाण म्हणून बुजवतो, तिथे काय उगवत होतं हे आधी कुणी बघतं का?

आपल्याकडे बळ्ळारी नाला गाळानं आणि जलपर्णीनं तुंबतो, पावसाळ्यात आजूबाजूचं भात पाण्याखाली जातं. हलगा-मच्छे बायपासविरुद्ध शेतकरी वर्षानुवर्षं भांडले, तेही याच सुपीक जमिनीसाठी. आपण कॉलेजची पोरं मात्र ती बातमी वाचून पान उलटतो.

कुणी म्हणेल, शेतकऱ्यालाच शेती परवडत नाही, तो विकणारच. खरं आहे. घरात लग्न, दवाखाना, शिक्षण असताना त्याला उपदेश करायचा अधिकार मला नाही. पण म्हणूनच जबाबदारी खाणाऱ्यांवर येते. नाला पावसाआधी साफ व्हावा, तळ्यांचे काठ सिमेंटनं बांधू नयेत आणि बासमतीला शहरानंच चांगला दर द्यावा, एवढं तर आपण मागू शकतो.

आम्हा ख्रिस्ती लोकांवर तर ही जबाबदारी जास्तच. गोव्यात राय गावी ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त होतं. ८ सप्टेंबरला, मारियामातेच्या जन्माच्या सणाला, आपल्याकडेही नव्या कणसांना आशीर्वाद देतात. तेव्हा इथलं बरंचसं भात अजून पोटरीत असतं, त्यामुळे कणसं शोधावी लागतात. उद्या शोधूनही मिळाली नाहीत, तर फादर आशीर्वाद कशाला देणार?

माझी सूचना साधी आहे. आपल्या मंडळानं आणि वनस्पतिशास्त्राच्या मुलांनी मिळून या पावसाळ्यात येळ्ळूर-अनगोळच्या बांधांवर जावं. भाताच्या जुन्या वाणांची नावं, देवभाताच्या जागा आणि धूळवाफ, पोटरी यांसारखे शब्द लिहून घ्यावेत. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत. बांधावरची म्हातारी माणसं दोन्ही बोलतात, आणि आता ती थोडीच उरली आहेत.