भिंत मोजण्याआधी कपडे मोजा

चार वर्षांपूर्वी आम्ही निजायच्या खोलीत भिंतभर कपाट करून घेतले. सुताराने भिंत मोजली, आम्ही सनमायकाचा रंग पसंत केला आणि काम सुरू झाले. कपाट देखणे झाले. पण पहिल्याच दिवशी बुरखा टांगला, तर त्याचा खालचा वीतभर भाग फळीवर गोळा होऊन पडला. दांडी शर्टांच्या मापाने बसवली होती. दोष सुताराचा नव्हता. कपाटात काय ठेवायचे, हे आम्ही त्याला सांगितलेच नव्हते.

म्हणून भगिनींनो, सुताराला बोलावण्याआधी घरातले सगळे कपडे पलंगावर काढा. तीन ढीग करा : रोजचे, ईद-लग्नाचे आणि दोन वर्षांत अंगाला न लागलेले. तिसऱ्या ढिगातले धडके कपडे धुऊन, इस्त्री करून गरजूंना द्या. जे पडूनच राहणार, त्यांच्यासाठी महागडी फळी बांधणे हा इस्राफच.

आता मापे. सर्वांत लांब बुरखा किंवा शेरवानी हँगरला लावून टेपने मोजा आणि वर तीन-चार इंच धरा. साधारण 5 फुटांहून थोडी अधिक उंची लागते. शर्टांना 40 इंच पुरतात. त्याखाली ड्रॉवर बसतात. कपाटाची खोली 24 इंच हवी, नाहीतर बाह्या दारात अडकतात. सरकते दार असेल, तर रुळांसाठी आणखी तीन-चार इंच लागतात. पलंग आणि कपाट यांत जागा कमी असेल तर सरकते दारच बरे. मात्र एका वेळी अर्धेच कपाट उघडते, हे लक्षात ठेवा.

रोजची वस्तू गुडघा ते खांदा यांच्यामध्ये असावी. जानमाज दिवसातून पाच वेळा लागते. ती रजयांखाली नको, दारालगतच्या खणात हवी. रजया, बॅगा वरच्या माळ्यावर. घरात वृद्ध असतील तर त्यांचा खण त्यांचा हात किती उंच पोहोचतो ते पाहूनच ठरवा.

भिंतीला ओल असेल तर आधी गळती बंद करा. कपाटाने ओल झाकते, जात नाही. कपाट जमिनीपासून चार इंच उचललेले असावे. सांगाड्याला 18 मि.मी. प्लाय घ्या आणि त्यावरचा आयएसआय शिक्का स्वतः पाहा. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो, पण पाणी लागले की फुगतो. घर भाड्याचे असेल तर भिंतीत पैसा घालू नका. लोखंडी कपाट सोबत नेता येते.

दर चौरस फुटावर असतो. 7 फूट रुंद आणि 7 फूट उंच म्हणजे 49 चौरस फूट. त्यात माळा, ड्रॉवर, बिजागऱ्या, कुलपे धरली आहेत का, हे कागदावर लिहून घ्या. पैसे कमी पडत असतील तर आधी सांगाडा, फळ्या आणि दारे करा. ड्रॉवर पुढच्या वर्षी. व्याजाचे हप्ते भरून उभारलेल्या कपाटात बरकत कुठून येणार?

आम्ही शेवटी मधली एक फळी काढून टाकली. बुरखे आता सरळ टांगले जातात. तुम्हाला मात्र फळी काढण्याची वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच हा लेख.