विश्लेषण : ‘वय झालंय, चालायचंच!’ उतारवयातील नैराश्य निदानातून का निसटते?

देशातील साठीपुढच्या नागरिकांमधील नैराश्याचे दोन आकडे आहेत : ८.३ टक्के आणि ०.८ टक्के. दोन्ही एकाच पाहणीतले. केंद्र सरकारच्या ‘लासी’ पाहणीत २०१७-१८ मध्ये ४५ वर्षे व त्यापुढील नागरिक आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांना प्रश्न विचारण्यात आले. मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हे काम केले. अहवाल जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाला.

दहापट फरक कशामुळे?

पहिला आकडा लक्षणांच्या प्रमाणित प्रश्नावलीतून आला, दुसरा ‘नैराश्य असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे’ असे म्हणणाऱ्यांचा. प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, म्हणून अहवालही ‘संभाव्य’ नैराश्य म्हणतो. ही सूट दिली तरी ढोबळमानाने दहापैकी नऊ जण निदानाविनाच राहतात.

याचे एक कारण तक्रारीच्या भाषेत आहे. सत्तरीतली व्यक्ती ‘मी उदास आहे’ असे क्वचितच म्हणते. झोप लागत नाही, अन्नाची चव गेली, अंगात त्राण नाही, कंबर धरली, असे सांगते. डॉक्टर जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून देतात. घरचे म्हणतात, ‘वय झालंय, चालायचंच.’ बहुतांश ज्येष्ठांना नैराश्य नसते, हे याच आकड्यांवरून दिसते. मग ते वयाचा भाग कसे मानायचे?

धोका कोणाला अधिक?

स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक. वैधव्य त्यांच्या वाट्याला जास्त येते आणि घर किंवा बँकेतील ठेव अनेकदा त्यांच्या नावावर नसते. पंचेचाळिशी ते पंचावन्नच्या टप्प्यात रजोनिवृत्तीच्या काळातील बदलांची भर पडते. याच वयात स्त्री-पुरुष दोघांवरही मुलांचे शिक्षण आणि आईवडिलांचे आजारपण एकाच वेळी येते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची वर्षानुवर्षे सेवा करणारी व्यक्ती स्वतः जोखमीच्या गटात असते, पण तिची विचारपूस सहसा कोणी करत नाही. निवृत्तीला मात्र सरसकट दोष देऊ नये. स्वखुशीने घेतलेली निवृत्ती आणि पन्नाशीत अचानक सुटलेली नोकरी यांत फार अंतर आहे.

एकटे राहणे हा धोक्याचा घटक आहेच. पण भरल्या घरातही माणूस एकटा पडतो आणि याचे एक साधे कारण दुर्लक्षित राहते, ते म्हणजे बहिरेपण. ऐकू कमी आले की आजोबा दोनदा विचारतात, तिसऱ्यांदा गप्प बसतात. जेवताना चाललेल्या गप्पा कळत नाहीत, फोन नकोसा होतो, कट्ट्यावर जाणे थांबते. ‘हल्ली ते कुणात मिसळत नाहीत’ असा स्वभावाचा अर्थ लावला जातो. चष्मा लागला तर कोणी लाजत नाही, श्रवणयंत्र मात्र कपाटात पडून राहते. वय, वैधव्य बदलता येत नाही. कानाची तपासणी करता येते. त्यामुळे जोखमीच्या यादीत याला वरचे स्थान द्यायला हवे.

आजार शरीराचा की मनाचा?

दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. मधुमेहींमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट आढळते. पक्षाघातानंतर जवळपास तिघांपैकी एकाला ते गाठते. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचे नुकसान हेही त्यामागचे एक कारण. उलट बाजूने, नैराश्य आलेला रुग्ण गोळ्या चुकवतो, फिरणे सोडतो आणि साखर पुन्हा वाढते. आंघोळ, कपडे, शौच यांसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागले की जोखीम आणखी वाढते. थायरॉइडचा विकार किंवा बी-१२ ची कमतरता असेल तर लक्षणे नैराश्यासारखीच दिसू शकतात, म्हणून आधी रक्त तपासलेले बरे.

उपचारांचा या वयातही उपयोग होतो. मात्र नैराश्यावरील काही औषधांनी ज्येष्ठांच्या रक्तातील सोडियम घसरू शकते. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी परस्पर सुरू करणे म्हणूनच धोक्याचे.

प्रश्न अर्जात आहे, पण...

आरोग्य यंत्रणेकडे साधन नाही असे नाही. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशा सेविका जो तपासणी अर्ज भरतात, त्यात रक्तदाब-मधुमेहाच्या जोखमीबरोबर मनाविषयीही दोन प्रश्न आहेत : गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला का, आणि उदास, हताश वाटले का. उत्तरांचे गुण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले तर पुढे पाठवायचे. कागदावर व्यवस्था चोख आहे.

अडचण ओसरीवर येते. मुलगा-सून समोर बसलेले असताना सासूबाई ‘हताश वाटते’ असे कसे सांगणार? एका घरात अनेकांचे अर्ज, सेविकेच्या डोक्यावर लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंतची कामे. हा प्रश्न टिकमार्क करून पुढे सरकतो. तो एकांतात विचारला जावा, त्यासाठी वेळ आणि मोबदला मिळावा, एवढी दुरुस्ती सरकारला नवा विभाग न काढताही करता येईल. ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रांतील आरोग्य शिबिरांत रक्तदाब, साखर तपासली जातेच. त्याच रांगेत हे दोन प्रश्न आणि कानाची तपासणी बसवणे अवघड नाही.

तोवर हाताशी असलेला मार्ग म्हणजे १४४१६ हा ‘टेली-मानस’चा मोफत क्रमांक. ऑक्टोबर २०२२ पासून तो चोवीस तास सुरू असून मराठीतही बोलता येते. आई किंवा वडील तयार नसतील, तर मुलांनीही फोन करून सल्ला घ्यायला हरकत नाही.