पिशवीचा कॅन्सर नव्हे, अंडाशयाचा

उर्दूत बैजादानी, मराठीत अंडाशय. दोन्ही शब्द मी वर्गात शिकवते, पण ते पुस्तकाबाहेर पडत नाहीत. आमच्या मोहल्ल्यात काय किंवा शेजारच्या वाड्यात काय, बायकांच्या पोटातलं सगळं म्हणजे 'पिशवी'. ज्या अवयवाला बोलीत नावच नाही, त्याच्या आजाराबद्दल बोलणार कोण?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा 2022 चा अंदाज असा : भारतात अंडाशयाच्या कर्करोगाचे सुमारे 47 हजार नवे रुग्ण, जवळपास 33 हजार मृत्यू. स्तन आणि गर्भाशयमुखानंतर भारतीय स्त्रियांमध्ये तिसरा क्रमांक याचाच. मनीषा कोइरालाला 2012 मध्ये हा आजार झाला तेव्हा टीव्हीवर चार दिवस चर्चा झाली, मग विषय संपला.

सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिल्या जिल्ह्यांत आपला वाशिम होता. आज तिशीपुढच्या बाईची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख अशी तीन ठिकाणची तपासणी त्यात आहे. आशाताई घरी येतात, गाठ आहे का, अंगावरून जास्त जातं का, विचारतात. पोट फुगतं का, दोन घासांत पोट भरतं का, लघवीला सारखं जावं लागतं का, ओटीपोट दुखतं का, हे त्या यादीत नाही. आणि याच तर या आजाराच्या खुणा! बाई म्हणते गॅस झाला, ओवा खाते. मेडिकलवाला गोळी देतो. महिने जातात.

यावर सरसकट तपासणीची खात्रीची पद्धत अजून जगात नाही, हे खरं. म्हणूनच तर माहितीला जास्त किंमत आहे. हा त्रास दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज होत असेल, विशेषतः पन्नाशीनंतर, तर डॉक्टरांना सोनोग्राफीबद्दल विचारावं. आई, बहीण, खाला, फुफी यांच्यापैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर तेही सांगावं. आपल्याकडे हयेच्या नावाखाली नेमकं हेच दडवतात, मुलीच्या रिश्त्याची काळजी म्हणून.

8 मे हा जागतिक अंडाशय कर्करोग दिन 2013 पासून पाळतात. पण मे महिन्यात विदर्भात शाळा बंद, ऊन मरणाचं आणि घरोघरी लग्नं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष सप्टेंबर महिना या आजारासाठी जाहीर करतात. आपल्याकडे सप्टेंबरमध्ये पोषण महिना असतो, अंगणवाडीत बायका जमतातच. राज्य सरकारने त्यातलाच एक दिवस अधिकृतपणे या आजाराला द्यावा, आशाताईंच्या यादीत ते चार प्रश्न घालावेत आणि माहितीपत्रक मराठीबरोबर उर्दूतही छापावं. उर्दू मजकूर तपासून द्यायला मी बसते, मानधन नको.