आधी वही, मग बेस

हाताला काम (साप्ताहिक स्तंभ)
सीमावासी

तुळशीचं लग्न लागलं की भालकी तालुक्यात लग्नसराई सुरू होते आणि खटकचिंचोळीसारख्या गावात एक प्रश्न हमखास निघतो : पोराला डीजे टाकायचाय, किती बेस घ्यावेत? माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात इथून करूच नये. शेतकरी बियाणं घेण्याआधी रान बघतो. तसं आधी बघावं की वर्षभरात आपल्याला सुपाऱ्या कुठल्या मिळणार.

आपल्या भागातलं वर्ष डोळ्यांसमोर आणा. शिवजयंती, आंबेडकर जयंती, बसव जयंती आणि गणपतीच्या मिरवणुका, हळदी, वराती, हरिनाम सप्ताह, शाळेचं स्नेहसंमेलन. सप्ताहात कीर्तनकाराचा शब्द शेवटच्या रांगेतल्या आजीला स्वच्छ ऐकू यायला हवा. तिथे चांगला माईक, छोटा मिक्सर आणि दोन टॉप पुरतात. अठरा इंची बेसचं तिथे काही काम नाही. बेस लागतात ते मिरवणुकीला, आणि त्या तारखा मोजक्या. कर्जाचा हप्ता मात्र मुहूर्त नसलेल्या श्रावणातही येतो.

म्हणून माझा सल्ला : हातातलं विकत घ्या, ट्रॉलीवरचं भाड्याने आणा. कंट्रोलर, हेडफोन, लॅपटॉप, माईक हे स्वतःचं असावं. बेस, टॉप, अँप्लिफायर, जनरेटर काम मिळेल तसं घ्यावं आणि भाडं सुपारीतच धरावं.

हातातलं सामान आपल्या वाजवण्याच्या पद्धतीवर ठरतं. नवरा उदगीरचा आणि नवरी हुमनाबादची असली की वरातीत काय होतं ते बघा. मराठी गाणं रंगात येतं न येतं तोच कुणी कन्नड गाणं मागतो, मागून तीनमारची फर्माईश येते, मग बंजारा गाण्याची. नुसत्या लॅपटॉपवर माऊसने गाणी शोधणाऱ्याची इथे तारांबळ उडते आणि नाचणारे थांबतात. कंट्रोलरमध्ये साउंड कार्ड असतं, त्यामुळे बाहेर एक गाणं वाजत असताना हेडफोनमध्ये पुढचं ऐकून त्याची लय जुळवता येते. पायोनियरच्या डीडीजे-एफएलएक्स४ सारखा दोन चॅनेलचा कंट्रोलर एवढ्यासाठी पुरेसा आहे. गाण्यात मध्येच हलगीचे ठोके टाकायची आवड असेल, तर दुकानात पॅड स्वतः वाजवून बघा. स्क्रॅच करायचं असेल, तर जॉग व्हील मोठं घ्या. दोन्ही करत नसाल, तर त्याचे पैसे मोजू नका. लॅपटॉपमध्ये एसएसडी हवीच, कारण बेसच्या हादऱ्याने फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क अडखळते आणि भर वरातीत गाणं अडकतं. गाणी भाषेनुसार आणि लयीनुसार वेगवेगळ्या फोल्डरमध्ये लावून ठेवा. सीमाभागातल्या डीजेची खरी ताकद त्या फोल्डरांत असते.

शेजारच्या गावापेक्षा मोठा आवाज काढायची चढाओढ सगळ्यांत महागात पडते. अँप्लिफायरचे वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने, म्हणजे कानाला जेमतेम फरक कळेल इतका. मग मिक्सरवरचा लाल दिवा पेटता ठेवून वाजवलं जातं, आवाज फाटतो आणि टॉपचे ड्रायव्हर जळतात.

कायद्याचंही भान हवं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही; राज्य सरकार सणासमारंभासाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. आणि स्वतःच्या कानांचं काय? १०० डेसिबलच्या आवाजात १५ मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, असं अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचं प्रमाण सांगतं. आपली पोरं भिंतीसारख्या रचलेल्या बेससमोर तासन्‌तास उभी असतात. ज्याच्या कानावर धंदा चालतो, त्यानेच कान गमावावेत हे मला बघवत नाही.

तेव्हा पोरांनो, पहिला हंगाम एखाद्या जाणत्या ऑपरेटरच्या हाताखाली काढा. कुठल्या कामाला काय सामान लागलं, किती पैसे सुटले, लोकांनी कुठली गाणी मागितली, हे वहीत लिहा. ती वही भरल्यावरच दुकानाची पायरी चढा. मंडळांनी आणि वरपक्षानेही सुपारी देताना ‘बेस किती?’ हे विचारणं सोडावं आणि गाणी कशी लावतो ते ऐकून घ्यावं. गिऱ्हाइकाने मागणी बदलली, तरच या पोरांच्या डोक्यावरचा कर्जाचा डोंगर टळेल.