ओहोटीची अपॉइंटमेंट

आमच्या घरात दोन टाइमझोन नांदतात. मी सकाळी ऑफिसच्या बससाठी धावत असते, तेव्हा नवरोबा अमेरिकेला ‘हॅव अ नाइस इव्हिनिंग’ म्हणून जांभया देत घरी परतत असतात. आमची भेट होते ती लिफ्टपाशी. बाकी संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चाललाय. ‘दूध संपलंय.’ ‘गॅसवाला येईल.’ ‘आय लव्ह यू, कुकर लावू नकोस.’ रविवारी भेटतो म्हणावं, तर एक जण झोपलेला असतो आणि दुसरा कपडे वाळत घालत असतो.

अशा जोडप्याने पाच दिवस क्राबीला जायचं म्हणजे धाडसच. सलग पाच दिवस समोरासमोर, तेही दोघं जागे!

क्राबी थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. समुद्र अंदमानचाच, आपण फक्त पलीकडच्या काठावर उभे. चुनखडीचे कडे पाण्यातून असे सरळ वर आलेत, की सह्याद्रीतले सुळके कुणीतरी उचलून हिरव्या पाण्यात ठेवलेत असं वाटतं. रेले नावाचा बीच तर मुख्य भूमीवरच आहे, पण मध्ये हे कडे असल्याने तिथेही बोटीनेच जावं लागतं. जायचं ते नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये. नंतर आपला नैऋत्य मोसमी पाऊस तिकडेही मुक्काम ठोकतो आणि समुद्र खवळतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही आओ नांगहून बेटं बघायला लाँगटेल बोट केली, अर्ध्या दिवसासाठी, फक्त दोघांसाठी. लाँगटेल म्हणजे लाकडी होडी, तिच्या मागे चक्क गाडीचं इंजिन, त्याला लांबलचक दांडा आणि दांड्याच्या टोकाला पंखा. आवाज एवढा, की बोलणं अशक्य. (काही लग्नांना हे मानवेल.) पुढच्या टोकाला रंगीत फिती आणि फुलांचे हार बांधलेले. ते बोटीची राखण करणाऱ्या ‘माए या नांग’साठी. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला होड्या सजतात ना, तसंच, पण इथे रोज. बोटवाला साठीचा असेल. त्याला आम्ही आपसात लगेच ‘काका’ करून टाकलं.

काकांनी निघायची वेळ बजावून सांगितली होती. कारण आम्हाला बघायचा होता ‘थाले वेक’, म्हणजे दुभंगलेला समुद्र. तुप, मोर आणि कोंबडीच्या मानेसारखा खडक असलेलं चिकन आयलंड, या तीन बेटांना जोडणारी पांढऱ्या वाळूची वाट ओहोटीला पाण्यातून वर येते आणि भरतीला गडप होते. ही वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त ओसरतं. गुहागरच्या माझ्या आजीला नुसत्या तिथीवरून भरती सांगता यायची. मला रिसेप्शनवरचा तक्ता वाचावा लागला.

तक्ता वाचला, पण निघालो पाऊण तास उशिरा. नवरोबांचा ‘दोनच मिनिटांचा’ कॉल! (खरं सांगायचं तर सकाळी बाथरूममध्ये लपून मीही मेल बघितले होते. पण बाथरूममधले मेल मोजायचे नसतात.)

पोचलो तेव्हा वाट अजून होती, फक्त बारीक झाली होती. काकांनी पाण्याकडे बोट दाखवलं, मग माझ्या घड्याळाकडे. “ट्वेंटी मिनित. फिनिश.” दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये आपण चालतोय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवत होते. मागे वळून काहीतरी बोलायला गेले, तर नवरा तीस पावलं मागे, फोन कानाला! रेंज होती. दुर्दैवाने तिथे रेंज येते.

मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. मी सरळ पुढे चालत राहिले, एकटी, चिकन आयलंडच्या दिशेने. आणि मनात आलं, मी एकटी कशी छान चालू शकते! दोन वर्षांत तेवढं एकच काम मी नीट शिकले होते. त्या विचाराची मला भीती वाटली.

काकांनी जोरात शिट्टी मारली. वळून बघते तर आमच्या मधली वाट गेलेली. पाणी घोट्यापर्यंतच होतं, पण सरकत होतं. नवरोबांना पोहता येत नाही. त्यांनी फोनकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि गुडघाभर पाण्यातून फोन डोक्यावर धरून माझ्याकडे यायला लागले. बोट दुसऱ्या टोकाला होती. मीच परत जाणार होते, त्यांना यायची काही गरज नव्हती.

“कट केला,” म्हणाले.

“कुणाचा होता?”

“माहीत नाही. सहा जण होते.”

परत जाताना पाणी मांडीपर्यंत आलं. काका हसत होते.

पुढल्या दिवशी स्पीडबोटीने फी फी ले बेटावरचा माया बे बघितला. 2000 साली आलेल्या ‘द बीच’ सिनेमाने तो इतका प्रसिद्ध केला, की बोटी आणि माणसांनी तिथल्या प्रवाळांची वाट लावली. 2018 मध्ये सरकारने तो बंदच केला, उघडला थेट जानेवारी 2022 मध्ये. आता बोटी बेटाच्या मागच्या बाजूला लागतात आणि पोहायला बंदी आहे. बरेच जण कुरकुरत होते. मला तो नियम फार आवडला. काठाशी ब्लॅकटिप शार्कची दोन पिल्लं फिरत होती. आणि हो, सनस्क्रीनची बाटली वाचून न्या. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट असलेली क्रीम तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत 2021 पासून चालत नाहीत. माझी चाललीच नसती, मग फुल शर्ट घालून हिंडले.

घरी आल्यावर पहिल्याच सोमवारी लिफ्ट, चिठ्ठ्या, कुकर, सगळं जागच्या जागी. फ्रिजवर आता आम्ही दोघांच्या शिफ्टचे तक्ते शेजारी शेजारी लावलेत. आठवड्यात कुठे कुठे वाट उघडी आहे ते हिरव्या पेनाने रंगवलंय. चार ठिकाणं निघाली, त्यातली दोन वीस मिनिटांची.

परवा सकाळी सातला बेल वाजली. मी एक सॉक्स घालून दुसरा शोधत होते. दारात नवरोबा, डोळे लाल, हातात इडलीचं पार्सल. माझ्या घड्याळावर बोट ठेवून म्हणाले, “ट्वेंटी मिनित. फिनिश.”

मी घातलेला सॉक्सही काढला. बस गेली.