‘टायपो दुरुस्त केला’ म्हणत आत आलेला चोरदरवाजा: पीएचपीचा कोड सांभाळतं कोण?

आज फोनवर विकिपीडियाचं एखादं पान उघडलंत का? किंवा वर्डप्रेसवर बनवलेल्या एखाद्या मराठी पोर्टलवरची बातमी वाचलीत? मग तुम्ही पीएचपी वापरलंत. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, ते पीएचपीत लिहिलेलं आहे. वर्डप्रेसचंही तसंच. ज्या वेबसाइटची सर्व्हरवरची भाषा ओळखता येते, त्यांतल्या चारपैकी जवळपास तीन साइट पीएचपीवर चालतात.

पण पीएचपीत लिहिलेला कोड सर्व्हरला थेट कळत नाही. मध्ये एक दुभाषी लागतो. तो कोड वाचतो आणि कॉम्प्युटरकडून तसं करून घेतो. हा दुभाषी म्हणजे इंटरप्रीटर. तो स्वतः सी भाषेत लिहिलेला एक मोठा प्रोग्रॅम आहे आणि त्याचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो, फुकट वापरता येतो. एखाद्या वेबसाइटच्या कोडमध्ये चूक झाली तर त्या एका साइटचं नुकसान होतं. इंटरप्रीटरमध्येच कोणी गडबड केली तर? तीच गोष्ट आज समजून घेऊ, कारण ती खरोखर घडता घडता राहिली.

२८ मार्च २०२१: दोन बनावट कमिट

त्या दिवशी पीएचपीच्या मुख्य कोडमध्ये एक छोटा बदल जमा झाला. सोबतची नोंद होती, ‘टायपो दुरुस्त केला’. बदल करणाऱ्याचं नाव होतं रासमुस लेर्डॉर्फ, म्हणजे १९९५ मध्ये पीएचपी जगासमोर आणणारा माणूस. अशा नावाने आलेल्या अशा किरकोळ दुरुस्तीवर कोण संशय घेणार?

प्रत्यक्षात त्यात चोरदरवाजा होता. आपला ब्राउझर कोणत्याही साइटला भेट देताना ‘यूजर-एजंट’ नावाची एक ओळ पाठवतो. त्यात ब्राउझर कोणता, फोन कोणता एवढी माहिती असते. घुसवलेला कोड ‘यूजर-एजंटट’ अशी, शेवटी एक ‘टी’ जास्त असलेली ओळ शोधत होता. त्या ओळीत ‘झिरोडियम’ हा शब्द सापडला की पहिली आठ अक्षरं सोडून पुढे जे लिहिलं असेल, ते सर्व्हरवर आज्ञा म्हणून चालवायचं, एवढंच त्याचं काम. इंग्रजीत हा शब्द बरोबर आठ अक्षरांचा आहे. थोडक्यात, हा शब्द ज्याला माहीत, त्याच्या हातात सर्व्हर. पासवर्डची गरजच नाही. (झिरोडियम ही सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी विकत घेणारी कंपनी होती. या प्रकाराशी आपला संबंध नाही, असं कंपनीच्या प्रमुखाने लगेच सांगितलं.)

काही तासांतच नेहमीच्या तपासणीत हे लक्षात आलं आणि बदल काढून टाकला गेला. मग आणखी कमाल झाली. तो काढलेला बदल पुन्हा जागेवर ठेवणारा दुसरा कमिट आला, आणि या वेळी नाव होतं निकिता पोपोव्ह, म्हणजे त्या काळात पीएचपीवर सर्वाधिक काम करणाऱ्यांपैकी एकाचं. (निकिता हे रशियन पुरुषाचं नाव आहे, गोंधळू नका.) तोही काढला गेला. हा कोड पुढच्या, म्हणजे ८.१ आवृत्तीच्या तयारीत होता. लोकांपर्यंत तो पोचलाच नाही.

घुसले कुठून?

आधी वाटलं, पीएचपीचा स्वतःचा गिट सर्व्हरच फोडला असावा. त्यामुळे टीमने तो बंद करून मुख्य कोड गिटहबवर हलवला. पण एप्रिलमध्ये पोपोव्ह यांनी दिलेली माहिती वेगळी होती. गिट सर्व्हर फोडला गेला नसावा, सभासदांची नावं आणि पासवर्ड जिथे ठेवले होते तो डेटाबेस फुटला असावा, असा अंदाज त्यांनी मांडला. नोंदींमध्ये दिसत होतं की हल्लेखोराने युजरनेमचे दोन-चार अंदाज मारले आणि बरोबर नाव लागताच तो आत शिरला. म्हणजे पासवर्ड त्याच्याकडे आधीच असावा.

आता गंमत बघा. सभासदांची ओळख तपासणारी ती यंत्रणा खूप जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आणि पीएचपीच्याच खूप जुन्या आवृत्तीवर चालत होती. पासवर्ड एमडी५ या कधीच्याच कच्च्या ठरलेल्या पद्धतीने साठवले होते. जगाला ‘अपडेट करा’ सांगणाऱ्यांच्या घरातच अपडेट राहून गेलं होतं.

याला निष्काळजीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण गावातली सार्वजनिक विहीर आठवा. पाणी सगळेच भरतात. गाळ काढायची वेळ आली की मात्र तेच चार लोक खाली उतरतात. त्यांना रोजचं पाणीही बघायचं असतं आणि गाळही काढायचा असतो. काहीतरी मागे पडतंच.

दोन माणसांवर उभा डोलारा

इथे ते चार लोकही नव्हते. मे २०२१ मध्ये पीएचपीचेच एक डेव्हलपर जो वॉटकिन्स यांनी जाहीरपणे लिहिलं की इंटरप्रीटरचा गाभा खोलवर समजणारी माणसं मोजून दोन आहेत, दिमित्री स्तोगोव्ह आणि निकिता पोपोव्ह. उद्या या दोघांनी दुसरं काही करायचं ठरवलं, तर काम पुढे नेणार कोण?

सहाच महिन्यांत प्रश्न खरा ठरला. नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर झालं की पोपोव्ह आता आपलं लक्ष एलएलव्हीएम या दुसऱ्या प्रकल्पाकडे वळवणार. शाळेत असताना, २०११ मध्ये त्यांनी पीएचपीत काम सुरू केलं होतं. दहा वर्षं केलेल्या माणसाने वाट बदलली तर त्याला दोष कसा देणार?

त्याच वेळी पीएचपी फाउंडेशनची घोषणा झाली. जेटब्रेन्स, वर्डप्रेसशी जोडलेली ऑटोमॅटिक, लाराव्हेल, सिम्फनी अशा पीएचपीवर धंदा उभा असलेल्या कंपन्या एकत्र आल्या. एकट्या जेटब्रेन्सने वर्षाला एक लाख डॉलर देण्याचं कबूल केलं. हा पैसा इंटरप्रीटरवर काम करणाऱ्या डेव्हलपरांच्या मानधनासाठी आहे.

फरक पडला का? पडला. फाउंडेशनने इंटरप्रीटरच्या कोडचं सुरक्षा ऑडिट बाहेरच्या तज्ज्ञांकडून, म्हणजे क्वार्क्सलॅब या कंपनीकडून करून घेतलं. खर्चाला जर्मनीच्या सरकारी निधीची मदत झाली. एप्रिल २०२५ मध्ये निकाल जाहीर झाला. त्यात २७ नोंदी होत्या आणि त्यातल्या १७ सुरक्षेशी संबंधित होत्या. बजेट मर्यादित असल्यामुळे फक्त सर्वांत नाजूक भाग तपासले गेले. म्हणजे जितके पैसे, तितकंच वाचन. उरलेला कोड अजून वाट बघतोय.

ओपन सोर्स म्हणजे आपोआप सुरक्षित?

‘कोड सगळ्यांसमोर आहे, म्हणजे कोणीतरी बघतच असेल’ हे आपण सहज बोलून जातो. २०२१ मध्ये कोणीतरी बघितलं, म्हणून निभावलं. पण त्या तपासणीमागे माणसं होती, त्यांचे तास होते. कोड खुला असला की वाचायची परवानगी मिळते. वाचायला वेळ कुठून आणायचा, हे कोणीतरी ठरवावं लागतं. पीएचपीने हा धडा घेतला, तोही एक माणूस निघून जात असताना.

मग आपण काय करायचं?

तुमची किंवा तुमच्या दुकानाची, क्लासची वेबसाइट असेल तर होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जाऊन पीएचपीची आवृत्ती बघा. प्रत्येक आवृत्तीला दोन वर्षं नेहमीच्या दुरुस्त्या मिळतात आणि पुढची दोन वर्षं फक्त सुरक्षेच्या. ७.४ ची मुदत नोव्हेंबर २०२२ मध्येच संपली, ८.१ ची डिसेंबर २०२५ मध्ये. त्यानंतर त्यात भोक सापडलं तरी पीएचपीची टीम ते बुजवत नाही. साइट दुसऱ्याने बनवून दिली असेल तर त्याला आजच विचारा, ‘दादा, आपली साइट कोणत्या पीएचपीवर आहे?’

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी झॅम्प टाकलं असेल तर तेही तपासा. जून २०२४ मध्ये विंडोजवरच्या पीएचपीत एक गंभीर त्रुटी दुरुस्त झाली होती आणि झॅम्पची मूळ सेटिंग तिच्या तावडीत होती. प्रोजेक्ट जमा केल्यावर लॅपटॉपमध्ये पडून राहिलेलं ते जुनं झॅम्प काढून टाका.

आणि कोडिंग शिकत असाल तर एखाद्या दिवशी गिटहबवर पीएचपीचा सोर्स कोड उघडून बघा. पहिल्यांदा काही कळणार नाही, चालेल. इतरांनी केलेले बदल वाचा. ‘टायपो दुरुस्त केला’ असं दिसलं, तर तो खरंच टायपो आहे का, तेवढं बघा.