पंचनाम्यात न मावलेलं

जूनची ३ तारीख आली की आमच्या पेणच्या घरात सासूबाई सकाळीच पाण्याची पिंपं भरायला लावतात. मेणबत्त्या कुठे आहेत, काडेपेटी दमट तर नाही ना, सगळं विचारून होतं. आम्ही आता हसत नाही. ३ जून २०२० च्या बुधवारी आम्ही हसलो होतो.

तेव्हा करोनामुळे सगळे घरातच होतो. साडेबाराच्या सुमाराला रोह्याहून आईचा फोन आला. "अगं, समोरचा आंबा गेला बघ..." एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद पडला. त्यानंतर चौथ्या दिवसापर्यंत आई आहे की नाही हेच मला कळलं नाही. पेण ते रोहा अंतर ते काय, तास-सव्वा तासाचं. पण रस्त्यावर झाडं, विजेचे खांब आडवे, मोबाईलचे टॉवर मुके. शेवटी धाकटे दीर आणि मी स्कूटरवर निघालो. नागोठण्याच्या पुढे दोनदा स्कूटर झाडाच्या फांद्यांखालून ओढून काढली. आई अंगणात बसून भिजलेले तांदूळ वाळवत होती. मला बघून म्हणाली, "आलीस? आधी जेव." घरावर पत्रे नव्हते!

त्या वादळाचं आयुष्य म्हटलं तर चार दिवसांचं. १ जूनला अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला, २ जूनला त्याचं चक्रीवादळ झालं, ३ तारखेच्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला ते जमिनीवर चढलं आणि ४ तारखेला विदर्भात पोचेपर्यंत त्याचा जीव गेला. किनाऱ्यावर वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. समुद्राचं पाणी साधारण २६-२७ अंशांच्या वर तापलं की अशी वादळं त्यावर पोसली जातात, आणि जमिनीवर आली की उपाशी मरतात. पूर्वी ही वादळं बंगालच्या उपसागराची मक्तेदारी असं आपण समजायचो. आता अरबी समुद्रही तापतोय. २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' येऊन गेलं, २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गेलं.

'निसर्ग' हे नाव बांगलादेशने सुचवलेलं. तेरा देशांनी मिळून १६९ नावांची नवी यादी केली, तिच्यातलं हे पहिलंच. अटलांटिक महासागरात अशा वादळाला हरिकेन म्हणतात. तिकडे १९५३ पासून या वादळांना फक्त बायकांचीच नावं द्यायचे. लहरी, बेभरवशी, घर मोडणारी, म्हणजे बाईच असणार! अमेरिकेतल्या रॉक्सी बोल्टनसारख्या बायका त्याविरुद्ध भांडल्या, तेव्हा कुठे १९७९ पासून पुरुषांची नावंही यादीत आली. आपल्याकडच्या नियमात नाव स्त्री-पुरुष भेदाच्या पलीकडचं असावं असं लिहिलेलं आहे. छान वाटलं वाचून. पण वादळाच्या नावातून बाई सुटली, तशी ती वादळानंतरच्या कागदांतूनही सुटली, त्याचं काय?

आमच्या पेणमध्ये जून म्हणजे गणपतीच्या कारखान्यांचा ऐन हंगाम. त्या वर्षी चतुर्थी २२ ऑगस्टला होती. कच्च्या मूर्ती ओळीने मांडलेल्या, आणि डोक्यावरचे पत्रे उडाले. माती ती, पाण्यात किती तग धरणार? मूर्तींचा हिशेब निदान मालकाच्या वहीत होता. पण रंगकामाला येणाऱ्या बायकांची बुडालेली मजुरी कोणाच्या वहीत होती?

आणि आमच्या घरातलंच सांगते. माझ्या जावेने आणि तिच्या बचत गटातल्या बायकांनी उन्हाळ्यात पोह्याचे पापड केले होते. लॉकडाऊनमुळे विकले गेले नव्हते म्हणून माळ्यावर डबे रचून ठेवलेले. सगळ्याचा लगदा झाला. पंचनाम्याला आलेल्या माणसाने घर मोजलं, पत्रे मोजले. 'कपडे-भांडी' विचारली, लिहिली. जाऊ म्हणाली, "भाऊ, पापड लिहा ना." तो बिचारा स्वतःच चार दिवस झोपला नसावा. म्हणाला, "वहिनी, त्याला रकानाच नाही. बिलं आहेत का?" बिलं कुठली असणार? शेजारणींच्या तोंडी हिशेबावर चालणारा धंदा तो.

मुरुडकडे माझ्या मावशीची सुपारीची वाडी आहे. तिथे तर आणखीच गंमत. नुकसानीचा हिशेब सुरुवातीला हेक्टरवर. अहो, वाडी असते गुंठ्यांत! एकाला एक लागून उभी असलेली झाडं आडवी झाली आणि हातात काय येणार तर गुंठ्यापुरते पैसे. ओरड झाल्यावर पुढे झाडामागे हिशेब ठरला, नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये. नवं झाड धरायला पाच-सात वर्षं लागतात. बरं, तो पैसाही सातबाऱ्यावर नाव असलेल्या काकांच्या खात्यात. सुपारी वेचणारी, सोलणारी, वाळवणारी मावशी कागदावर कुठेच नाही.

वादळानंतर दोनच दिवसांनी वटपौर्णिमा होती. आमच्या गल्लीच्या टोकाचा वड मुळासकट पडला होता. बायका ताटं घेऊन आल्या, आणि त्या आडव्या वडालाच सूत गुंडाळून गेल्या. आम्ही सात जन्मांचं मागतो, आणि या जन्मातल्या घराच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे का ते बघत नाही. मी तरी कुठे बघितलं होतं?

सरकारकडे माझं मागणं साधं आहे. पंचनाम्याच्या कागदात घरगुती उद्योगाचा एक रकाना असावा, आणि घरातल्या बाईचा जबाब घेऊन तो भरावा. गटाची वही हा पुरावा मानावा. आपल्याकडूनही थोडं होण्यासारखं आहे. उद्यम नोंदणी फुकट होते, पापडवालीचीही होते. शेतीच्या सातबाऱ्यावर नवऱ्याच्या संमतीने बायकोचं नाव लावायची 'लक्ष्मी मुक्ती' योजना १९९२ पासून आहे. तलाठ्याकडे जाऊन नुसतं विचारायला काय हरकत आहे? माल भरला की मोबाईलवर एक फोटो काढून ठेवायचा, तारखेसकट. जाऊ आता काढते. पहिल्या वर्षी तिला घरात चिडवलं, "पापडांचे फोटो काय काढतेस, लग्न आहे का त्यांचं?" ती काढतच राहिली.

आईच्या घराचा उतारा वडिलांच्या माघारी कित्येक वर्षं त्यांच्याच नावावर होता. त्यामुळे मदतीच्या पैशांसाठी तिला पावसात पाच खेपा घालाव्या लागल्या होत्या. वारसनोंद झाली, आता तिचं नाव लागलंय. यंदा २ जूनला तिचा फोन आला. पत्र्यांचे हूक आवळून घेतलेत, तांदूळ पिंपात भरलेत, आणि उतारा प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून तांदळाच्या वर ठेवलाय म्हणाली.